भिंतीचा आवाज

बाबांचा एक ठरलेला किस्सा आहे. चार मराठी माणसं जमली की तो निघतोच. जयपूरमध्ये चार मराठी माणसं जमायला काहीतरी निमित्त लागतं, त्यामुळे तो वर्षातून दोन-तीनदाच ऐकावा लागतो, एवढंच काय ते समाधान. गेल्या गणपतीत एका डॉक्टरांच्या घरी आम्ही आरतीला गेलो होतो. मोदकांच्या ताटल्या फिरत होत्या, बाबा सोफ्यावर मधोमध बसले होते, आणि कोणीतरी माझ्या धाकट्या भावाची आपुलकीने चौकशी केली. झालं.

"अहो, याच्या डोळ्यांचं काय सांगू तुम्हाला," बाबांनी सुरुवात केली. "दहावीत असताना म्हणायचा, फळा दिसत नाही. पुस्तक दिसत नाही. आणि घरी आला की कॉम्प्युटरवर राक्षस मारायचा! एक सुटेल तर शपथ. म्हणजे राक्षस दिसायचे, भूमिती तेवढी दिसायची नाही!"

सगळे हसले. डॉक्टर हसले, डॉक्टरांच्या बायको हसल्या, विम्याच्या कंपनीतले एक गृहस्थ तर मोदक ठेवून हसले. मग बाबांनी नेहमीचं शेपूट जोडलं, "आता पुढे डोळे गेले, ते खरंच हो. ते कोण नाकारतंय? पण तेव्हाचं नाटक होतं."

भाऊ माझ्या शेजारी बसला होता. पांढरी काठी घडी करून त्याने मांडीवर ठेवली होती. तोही हसला. चाळिशी ओलांडलेला माणूस, बँकेत फोनवर दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घेतो, दोन्ही डोळ्यांनी आता उजेड-अंधारही धड कळत नाही, आणि हा आपल्यावरच्याच विनोदाला पाहुण्यासारखा हसतो. मला बाबांपेक्षा त्याचा राग आला. उठून सांगावं, की बाबा, बस्स. पण समोर गणपती, हातात प्रसाद, आणि आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत बोलायचं नसतं. म्हाताऱ्या माणसाने चारचौघांत काय वाट्टेल ते बोललेलं चालतं.

परत येताना गाडी मी चालवत होते. बाबा मागे डुलक्या घेत होते. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, मला एकदा तो गेम बाबांसमोर खेळून दाखवायचाय."

"कशाला?"

"मी तेव्हा डोळ्यांनी खेळतच नव्हतो. आवाजावर खेळायचो. मी सांगितलं होतं त्यांना. त्यांना वाटतं मी स्टोरी बनवतोय. आता तर मला काहीच दिसत नाही, हे त्यांना पण मान्य आहे. मतलब, आता खेळून दाखवला तर तेव्हाचं पण खरं ठरेल ना?" त्याने काठीची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "ते ऐंशीच्या पुढे गेलेत, ताई. नंतर कुणाला दाखवू?"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवली नाही, म्हणून मागच्याने हॉर्न वाजवला आणि मी खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो काळ थोडा सांगायला हवा. बाबा बँकेत होते, बदली होऊन जयपूरला आले आणि इथेच राहिले. विद्याधर नगरातलं घर बांधलं त्याच सुमारास त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला. ४८६ म्हणायचे त्या जातीचा, रंग साबुदाण्यासारखा, वजन गव्हाच्या पोत्यासारखं. मी तेव्हा पुण्याला वसतिगृहात राहून एम.एस्सी. करत होते. घरचं जे कळायचं ते एसटीडीवरून, आणि एसटीडीवर बाबा एकच बातमी द्यायचे, की चिरंजीवांचं अभ्यासात लक्ष नाही.

चिरंजीवांच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग पडला होता. कडेने दिसायचं. त्यामुळे तो नीट चालायचा, अंगावर आलेला चेंडू चुकवायचा, सायकलही चालवायचा, पण ज्याच्याकडे रोखून बघावं ते नेमकं नाहीसं व्हायचं. फळ्यावरचं अक्षर, पुस्तकातली ओळ, समोरच्या माणसाचं तोंड. डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार, हे नाव पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा एका डॉक्टरांनी बघितलं, किरकोळ नंबर दिला आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की अभ्यासाचा कंटाळा आला की मुलं असं करतात. बाबांना हेच ऐकायचं होतं. दुसऱ्या डॉक्टरकडे ते गेले नाहीत. स्वतःच्या मोतीबिंदूच्या वेळी मात्र याच बाबांनी दोघा-तिघांची मतं घेतली, दिल्लीलासुद्धा जाऊन आले.

आई त्याच्या वह्यांमध्ये जाड पेनाने मोठ्ठाली अक्षरं काढून द्यायची. बाबा त्याला लाड म्हणायचे. आई आता नाही, नाहीतर तिला तरी विचारलं असतं की तुला काय वाटत होतं.

दसऱ्याला बाबा त्या कॉम्प्युटरची पूजा करायचे. हळद-कुंकू, फूल, अक्षता, सगळं यथासांग. त्या डब्याच्या कपाळावर अजून कुंकवाचा पुसट डाग आहे. दरवर्षी न चुकता यंत्राची पूजा झाली, आणि मुलाचे डोळे एकदाच तपासले गेले.

त्या कॉम्प्युटरवर एक गेम होता. भुयारासारख्या वाटा, दारं, दालनं, कोपऱ्याकोपऱ्यावर राक्षस, आणि आपल्या हातात बंदूक. भाऊ तो तासन् तास खेळायचा. आणि बाबांनी त्यालाच पुरावा केलं. गेममधला राक्षस दिसतो ना? मग फळा का दिसत नाही? बारावीच्या वर्षी त्यांनी यावर इलाज शोधला. एक मेकॅनिक बोलावला आणि कॉम्प्युटरमधलं आवाजाचं कार्ड काढून घ्यायला लावलं. म्हणाले, आवाज गेला की मजा जाईल. भावाने त्याच दिवशी खेळणं सोडलं. बाबा आजही ही गोष्ट आपल्या शहाणपणाचा दाखला म्हणून सांगतात.

आवाज नाही म्हणून गेम कोण सोडतो? डोळे असलेला मुलगा मुकाट्याने बिनआवाजाचा खेळत राहील. आवाज गेल्यावर ज्याला एक पाऊल टाकता येत नाही, त्याला दिसत नसतं. एवढी साधी गोष्ट. बँकेत दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात ज्यांचा हात कोणी धरत नसे, त्यांना ही एवढी साधी गोष्ट दिसली नाही. त्या वर्षी भाऊ नापास झाला.

ते कार्ड कधीतरी दिवाळीच्या आवराआवरीत कबाड्याकडे भंगारात गेलं. कॉम्प्युटर मात्र राहिला, कारण तो महाग होता आणि बाबा महाग वस्तू टाकत नाहीत. आईने विणलेल्या आच्छादनाखाली तो कोपऱ्यात बसून होता.

गणपतीनंतर आधी सोपा मार्ग करून पाहिला. तोच गेम आता लॅपटॉपवर चालतो. मी तो घातला, भावाला हेडफोन दिले. बाबा शेजारी बसले. भाऊ पहिल्याच वळणावर भिंतीला थडकला आणि तिथेच पाय घासत राहिला. राक्षसाने त्याला मारून टाकलं. पुन्हा सुरू केला, पुन्हा भिंत.

"हा तो आवाज नाही," तो म्हणाला.

"हो का," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्या भुवयांनी मला पुढचे चार महिने कामाला लावलं.

मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. जन्मभर दुसऱ्यांची पोरं घडवली, म्हटलं आता एक कार्ड घडवू. जुनं कार्ड विकत घेता आलं असतं असं कोणी म्हणेल. घेतलं होतं. परदेशातून आलं, मेलेलं आलं, आणि विकणारा म्हणाला की पाठवलं तेव्हा जिवंत होतं. म्हणून घरीच करायचं ठरवलं. कार्ड म्हणजे काय, तर आवाज तयार करणारी एक चिप, तिचे आकडे विजेच्या लाटेत बदलणारी दुसरी, ती लाट स्पीकरपर्यंत नेण्याइतकी मोठी करणारी तिसरी, आणि कॉम्प्युटरने हाक मारली की ती आपल्यालाच आहे का दुसऱ्या कुणाला, हे ओळखणाऱ्या दोन-तीन बारक्या चिपा. सगळं मिळून माझ्या तळहाताएवढं. कॉम्प्युटर मी बनी पार्कातल्या माझ्या घरी उचलून आणला. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "ते धूड कशाला हलवतेस? त्याला आपलं करायचंय नाटक, करू दे तोंडाने."

मी गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं की शेजारच्या भाभीजी गच्चीतून डोकावल्या.

आवाजाची चिप बाजारात शोधायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "मैडम, ये चीज़ अब कोई नहीं पूछता।" म्हटलं, मी विचारतेय ना. मग त्याला अचानक आठवलं की आतल्या डब्यात आहेत. वरती छापलेलं नाव अगदी कोरं करकरीत. घरी येऊन नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसलं, तर नाव कापसावर उतरलं आणि खाली दुसरंच काहीतरी निघालं. मी तशीच स्कूटर काढली आणि तो कापूस त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवला. तो म्हणाला, माल पीछे से ऐसा ही आता है. म्हटलं, भैया, मग तुम्ही पण मागूनच आलात का? गिऱ्हाइकं हसली. चिप मात्र मिळाली नाही. ती शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने बंगळुरूहून पाठवली, वाजवायच्या एका मोडक्या की-बोर्डमधून काढलेली, पाय वाकडे पण अस्सल.

पहिलं कार्ड मी भोकांच्या पट्टीवर तारा जोडून केलं. दिसायला कावळ्याचं घरटं. ते जिवंत झालं त्या दुपारी भाऊ बँकेतून परस्पर माझ्याकडे आला होता. गेम सुरू झाला, संगीत वाजलं, आणि संगीताच्या मागून एक किरकिर यायला लागली, सूंऽऽ, घूंऽऽ, सारखी वरखाली होणारी. मला लाज वाटली. भाऊ मात्र खुर्चीत ताठ झाला.

"हां! ताई, हेच!"

"थांब रे, अजून नॉइज आहे. तो काढते मग ऐक," मी म्हटलं आणि कॉम्प्युटर बंदच केला. अर्धवट काम मी कुणाला दाखवत नाही.

मग मी खरी कामाला लागले. सर्किटचा नकाशा काढला, तो घरच्या इस्त्रीने तांब्याच्या पत्र्यावर उतरवला, रसायनात बुडवून नको ते तांबं खाऊन टाकलं. बाथरूमच्या बेसिनला पिवळा डाग पडला तो पडलाच. आवाजाच्या भागाला कॉम्प्युटरची वीज सरळ द्यायची नाही, आधी गाळायची, मग पुन्हा गाळायची. जागोजाग विजेचे चढउतार गिळणारे कपॅसिटर. जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, तार वेगळी. वर पत्र्याचं झाकण. मुलांना मी वर्गात सांगते की नॉइज म्हणजे आळस. ज्याने सर्किट नीट केलं नाही त्याचा आळस ऐकू येतो. माझ्या कार्डावर मी आळस शिल्लक ठेवला नाही. संगीत थांबलं की अशी शांतता, की स्पीकर बंद पडलाय का म्हणून हात लावून बघावा. इतकं देखणं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मोबाइल पे फ्री में मिलता है।" त्याच्याशी मी दोन आठवडे बोलले नाही.

संक्रांतीला कार्ड घेऊन आम्ही विद्याधर नगरला गेलो. बाहेर गच्च्यागच्च्यांवर पतंग आणि लाउडस्पीकर, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. तिळगूळ झाला. बाबा त्यांच्या खुर्चीत बसले, पाय स्टुलावर, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. मी बटण दाबलं. संगीत आलं, स्वच्छ, ताजं. भावाने की-बोर्डवर बोटं ठेवली.

आणि पहिल्याच वळणावर भिंतीला थडकला.

तो मागे आला, वळला, पुन्हा थडकला. राक्षस आला, गुरगुरला, याने गोळी झाडली ती भलतीकडेच. स्क्रीन लाल झाला. त्याने पुन्हा सुरू केला. पुन्हा लाल. त्याच्या कपाळावर घाम आला होता, जानेवारीत.

"ताई," तो म्हणाला, "भिंत ऐकू येत नाहीये."

बाबा मोठ्याने हसले. "घ्या! आता भिंती बोलायला लागल्या."

"बाबा, खरंच, तेव्हा यायची ऐकू..."

"अरे, पुरे आता," बाबा म्हणाले, आणि त्यात चीडही नव्हती, होती ती दया, आणि ती मला चिडीपेक्षा जास्त झोंबली. "झालं गेलं ते झालं. आता कोण तुला विचारतंय? लहान होतास, केलंस नाटक. आम्ही काय तुला फाशी देतोय?"

भाऊ उठला. काठी उघडली आणि गच्चीत गेला. तिथे सगळे आकाशाकडे बघून 'वो काटा' ओरडत होते.

मी कॉम्प्युटर परत गाडीत घातला. बाबांनी विचारलं, आता कशाला, तर मी म्हटलं, तुमचं तोंड बघायला लागू नये म्हणून. असं मी त्यांना पहिल्यांदाच बोलले. वाटेत, गाडीत शेजारी बसलेल्या भावावरही ओरडले. चार महिने हात भाजून घेतले, बेसिन घालवलं, आणि तू म्हणतोस भिंत ऐकू येत नाही! भिंतीला आवाज असतो का कधी? तो म्हणाला, "आता कसं समजावू? जवळ आली की बारीक व्हायची." म्हटलं, काय बारीक व्हायचं? तो म्हणाला, "माहीत नाही, ताई. सोड. जाऊ दे आता." आणि खिडकीकडे तोंड करून बसला. त्याने 'जाऊ दे' म्हटलेलं मला अजिबात सहन होत नाही. तो आयुष्यभर तेच म्हणत आलाय.

दोन-तीन दिवस मी त्या डब्याकडे बघितलंही नाही. मग एका दुपारी कॉलेजातून आले आणि एकदम ती खुर्चीत ताठ झालेली पाठ आठवली. हां, ताई, हेच. ते त्याने पहिलं कार्ड ऐकून म्हटलं होतं, मी किरकिर गाळून टाकायच्या आधी.

कपाटातून कावळ्याचं घरटं काढलं आणि ते चांगल्या कार्डाच्या जागी स्लॉटमध्ये बसवलं. गेम लावला, संगीत बंद केलं आणि डोळे मिटले. नुसती किरकिर. मी बाणाचं बटण दाबून पुढे जायला लागले. किरकिर बारीक होत गेली, उंच, सुईसारखी. डोळे उघडले तर समोर भिंत, नाकाला टेकलेली. वळले. आवाज जाड झाला, खर्जात गेला. डोळे उघडले, समोर लांबच लांब वाट. दार उघडलं, आवाज एकदम घरघरला, जसं चढावर ऑटो घरघरतो. दालनात तीन राक्षस उभे होते.

माझ्यासारखीला हे कळायला इतका वेळ लागावा! समोर नुसती भिंत असली की कॉम्प्युटरला चित्र काढायला फार काम नसतं, तो भराभर काढतो. मोठं दालन, त्यात राक्षस, म्हटलं की त्याची दमछाक होते. ती दमछाक विजेच्या वाटेने आवाजाच्या तारेत झिरपते. चांगलं कार्ड ती गाळून टाकतं. आमच्या घरातलं ते कुठलंसं स्वस्तातलं कार्ड गाळत नव्हतं. म्हणजे भिंतीला आवाज होता, दाराला होता, राक्षसालाही होता, तो गुरगुरायच्या आधीपासून. गेम करणाऱ्यांनाही हे माहीत नसणार.

भावाला फोन केला. त्याला सगळं सांगितलं. त्याने ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटायचं गेमचाच आवाज आहे. मतलब, बनवणाऱ्यांनीच टाकलाय. मी गोल गोल फिरत राहायचो. आवाज जड झाला की समजायचं, समोर कुणीतरी आहे. मग झाडायची."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? दिसत नव्हतं ना, ताई."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पंधरा वर्षांचं पोर. घरात कोणी विश्वास ठेवत नाही, शाळेत पट्टी बसते, आणि हे पोर कॉम्प्युटरच्या श्वासावरून भिंती ओळखायला शिकतं. एखाद्याने हे बघून त्याला डोक्यावर घेतलं असतं. आमच्या घरात त्याचा पुरावा झाला, त्याच्याच विरुद्ध, आणि गणपतीत मोदकांबरोबर वाटायचा किस्सा झाला. मला इतका राग आला की रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

मग बसले आणि माझ्या त्या देखण्या कार्डावरचा एकेक कपॅसिटर उपटून काढला. पत्र्याचं झाकण काढलं. वेगळी केलेली जमिनीची तार परत सगळ्यांत मिसळून टाकली. वर्गात जे जे करू नका म्हणून मुलांना ओरडते, ते ते सगळं केलं. कार्ड किरकिरायला लागलं.

पुढच्या रविवारी विद्याधर नगर. बाबा जेवून खुर्चीत पेपर वाचत होते. आम्ही काय करतोय हे त्यांनी विचारलं नाही, पान तेवढं उलटलं. भावाने खुर्ची स्पीकरकडे वळवून घेतली. मी संगीत बंद केलं आणि गेम लावला.

पहिल्या वळणापाशी आवाज बारीक झाला. भाऊ वळला. दुसऱ्या वळणालाही वळला. दार उघडलं, घरघर वाढली, तो जागच्या जागी फिरला आणि गोळी झाडली. राक्षस पडला. सुरुवातीला तो चाचपडत होता, मग बोटांना आठवत गेलं. तो धावायला लागला. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून, एकदाही न घासता, वाटेमागून वाट.

पेपर खाली आला. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने बाबा उठल्याचा आवाज आला, आणि ते आमच्या मागे येऊन उभे राहिले. आधी ते स्क्रीनकडे बघत होते. मग त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा स्क्रीनकडे नव्हताच, स्पीकरकडे होता, म्हणजे बाजूच्या खिडकीकडे. बाबा तसेच त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात लांब केला आणि मॉनिटरचं बटण दाबलं.

खट्ट आवाज झाला आणि स्क्रीन काळा झाला. मी त्यांचा हात धरणार होते.

"मॉनिटर बंद केलात ना, बाबा?" भाऊ म्हणाला. बोटं थांबली नव्हती. "राहू दे. मला नाही लागत."

काळ्या काचेतून दारं उघडत राहिली, गोळ्या सुटत राहिल्या, एकेक राक्षस ओरडून पडत राहिला. बाबांचा हात तसाच बटणावर होता.

"दहावीत..." ते म्हणाले. "दहावीतसुद्धा असंच?"

"हो."

"म्हणजे तुला फळा... अजिबातच दिसत नव्हता?"

"थांबा बाबा, एक मिनिट," भाऊ म्हणाला. "समोर मोठा आहे."

आमच्या घरात बाबांना थांबा कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आईने नाही, मी नाही. ते थांबले. टेबलाची कड धरून, बोटं पांढरी पडेपर्यंत, ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. त्यांचे गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही, हे मला माहीत आहे. खुर्ची माझ्या हाताशी होती. मी ती सरकवली नाही.